आईंचा डावा कान

२५ ऑक्टो., अमरावती
आज सासूबाईंचे कान टोचून आणले. दोन्ही. सासरे गेले तेव्हा आईंनी कानातलं काढून ठेवलं, त्यानंतर घातलंच नाही, भोकं बुजून गेली. मी हा विषय कधी काढला नसता. काढला मनूने. आमची सातवीतली पोरगी, जेवताना सरळ विचारलं, "आजी, तू कानात काहीच काहून नाही घालत?" आईंनी तिच्या ताटात भाजी वाढली. आज सकाळी स्वतःच माझ्याजवळ आल्या. "वैशाली, सोनाराकडे जाऊन येतं का माह्यासंगं?"

सोन्याची फुलं अकोल्याच्या घरी, त्यांच्या कपाटात आहेत. तोवर दुकानातले चमकीचे, खोटे टॉप्स. त्यांनीच निवडले. घरी आल्यावर बराच वेळ आरशासमोर.

२८ ऑक्टो.
दोन्ही पाळ्या जराशा सुजल्यात. नवीन टोचलं की होतंच एवढं. मिठाचं कोमट पाणी, स्वच्छ कापूस. उद्या प्रशांत आपल्या आईला अकोल्याच्या घरी सोडून येईल. त्यांना तिथेच करमतं.

३ नोव्हें.
फोन केला. "कान कसाय आई?" "बेस हाय." आणि लगेच विषय गव्हाच्या पेरणीवर. आवाज काही बरा वाटला नाही. प्रशांत म्हणतो, तू उगाच काळजी करते.

६ नोव्हें., अकोला
आलेच शेवटी, सकाळच्या एसटीने. पंखा सुरू, तरी आईंच्या डोक्यावरून पदर. बाजूला केला तर... डावी पाळी लाल, गरम, तट्ट फुगलेली. टॉप्सची मागची फिरकी दिसेचना, मांसात रुतून गेली. पडू नये म्हणून घट्ट दाबून बसवली होती म्हणे. वरून हळद-तेल, मग शेजारच्या कमलबाईंनी दिलेला कसलासा लेप.

मी चिडलेच. "मला सांगायचं नाही का?"

"का सांगू? कमल म्हणे, मानूस गेल्यावर नटाले गेली म्हनून कान पिकला. मले बी वाटलं, असंन तसंच."

त्यांचा हात धरून बसले. लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा बहुतेक.

७ नोव्हें., अकोला
दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण, पण घाई नाही. सुन्न करायचं इंजेक्शन देऊन फिरकी काढली, पू काढला. आईंनी डोळे मिटून घेतले. उजव्या कानाला नुसती खाज आणि पुरळ. तो चमकीच्या धातूचा त्रास, कित्येकांना सोसत नाही. तो टॉप्सही उतरवला. तिथे सोनं घाला म्हणाल्या, चालेल. डावं भोक मात्र बुजू द्यायचं.

मग त्यांनी विचारलं, "आजी, तहान फार लागते का?" बोटातून थेंबभर रक्त.

साखर. बरीच. घरात कुणालाच पत्ता नव्हता. पायाला मुंग्या येतात, पाणी फार लागतं, हे सगळं आई वयावर ढकलत होत्या. जखम म्हणूनच चिघळत गेली. डॉक्टरीण म्हणाल्या, वेळेवर कळलं, आता आवाक्यात राहील.

रिक्षात आई म्हणाल्या, "म्हंजे नटल्यानं नाही झालं?"
"नाही हो आई."
घरापर्यंत पदर खांद्यावरच होता.

९ नोव्हें., अकोला
रजा वाढवली. अँटिबायोटिक लागू पडतंय, ठणका गेला. साखरेची गोळी घ्यायला मात्र कुरकुर, बिनसाखरेच्या चहाला त्याहून जास्त. "हे पानी तूच पी."

संध्याकाळी कमलबाई आल्या, कान पाहायला. मी आतून ऐकत होते. आता काय बोलतात! आईच बोलल्या. "हा कान पिकला म्हनून साखर सापडली वो. नाहीतर कोनाले मालूम होतं? तुमी बी तपासून घ्या. रात्री तुमचा बी चारदा मोरीचा दिवा लागते." कमलबाई चहा न घेताच गेल्या. थोड्या वेळाने परत दारात. ती डॉक्टरीण किती वाजता बसते म्हणून.

२३ नोव्हें., अमरावती
आई आमच्याकडेच. सकाळी मनूच्या सायकलमागे चालायला जातात. तिला दम देतात, "हळू चालव, मले पळवतं का?" उजव्या कानात सोन्याचं फूल. डावा रिकामा. साखर उतरली आहे, अजून हवी तेवढी नाही.

७ डिसें.
वरूडला प्रशांतच्या मावसभावाच्या पोरीचं लग्न. मी म्हटलं, एका कानात कसं दिसेल, फूल काढून ठेवायचं का? "काहून? एक कान बरा हाय तर त्यानं बी उपाशी राहायचं?" मांडवात चारचौघींनी विचारलं. चौघींना साखरेवर व्याख्यान. मंगलाष्टकंसुद्धा नीट ऐकू दिली नाहीत बायकांना.

२१ डिसें.
डाव्या पाळीत हरभऱ्याएवढी गाठ राहिली आहे. दुखत नाही, लाल नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. जखमेचा व्रण असेल तर मऊ होत जाईल. वाढत गेली तर केलॉइड, म्हणजे जखमेपलीकडे वाढणारा व्रण, मग गाठीतच इंजेक्शनं घ्यावी लागतील. परत टोचायचं की नाही ते त्यानंतर. घाई नको.

आईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हणाल्या, "पाहू ना. कुठं पयून चालला कान?"

दुपारी गच्चीवर उन्हात बसल्या होत्या. स्वतःच पाळी पुढे केली, "पाह्य बरं." गाठ चिमटीत धरून पाहिली. मागच्या आठवड्याएवढीच वाटते. की जराशी लहान? मनूला बोलावलं. ती म्हणते लहान. प्रशांत म्हणतो तेवढीच.

आई म्हणतात, मनूचे डोळे चांगले आहेत.