नऊ वटवट्यांची नोंद

२ जानेवारी

चि. छोटूस,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

फोनवर जेवलास का असं विचारलं, की तुझ्याकडून मंगळवारी असं उत्तर येतं. म्हणून पुन्हा कागद-पेन घेतलं. छापखान्यात चौतीस वर्षं मशीनपाशी उभं राहून तुझे कान गेले, यात लाजण्यासारखं काय आहे, मला खरंच कळत नाही.

तुझी बायको गेल्यापासून तू कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेला नाहीस. तुझ्याच गावात माझी कॉलेजातली मैत्रीण असते, दातांची डॉक्टर. ती आणि तिची मंडळी दर हिवाळ्यात तळ्यावरचे पक्षी मोजतात. तुझं नाव मी देऊन टाकलंय. रविवारी सकाळी सात वाजता, तळ्याच्या फाटकापाशी. सबबी मला कळवू नकोस, सगळ्या पाठ आहेत.

आणि ते कानाचं मशीन मोज्यांच्या खणातून काढ. मोज्यांना ऐकून काय करायचंय?

तुझ्यावर रागावण्याचा हक्क राखून असलेली,
ताई

९ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर धरलीय, म्हणून उभ्याउभ्याच.

गेलो होतो. आमच्या तुकडीत डॉक्टरीणबाई, आमच्या गल्लीचा पोस्टमन आणि मी. बदकं एकशे बारा, पाणकावळे सतरा, खंड्या एक. पोस्टमनची बदकं नव्वदच भरली. पंखात मान खुपसून झोपलेली त्याने धरलीच नव्हती. छपाईत अर्ध्या केसाने सरकलेला रंग ओळखणारे डोळे आहेत माझे, तू ओळखतेसच.

पुढे लव्हाळ्यांची दाटी लागली. तिथे वटवट्या नावाचा मूठभर पक्षी राहतो. तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. (तुझी आठवण झाली.) बाई थांबल्या, एक ऐकलात ना, अशा अर्थाने त्यांनी एक बोट वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मीही एक बोट वर केलं. त्या खूश झाल्या. पुढच्या वळणावर मी आपणहून दोन केली. लव्हाळी संपेपर्यंत नऊ वटवटे झाले. आजवर एका वर्षात दोनाच्या वर कधी गेले नव्हते म्हणे! आता एकवीस तारखेला मोठे पक्षितज्ज्ञ त्यांचे आवाज टिपायला येणार आहेत.

मशीन घरीच राहिलं. थंडी त्याला मानवत नाही.

तुझ्या पत्राची वाट बघणारा, पण धपाट्याची नाही,
छोटू (वय वर्षं चौसष्ट)

१४ जानेवारी

चि. छोटूस,

आशीर्वाद या खेपेला अर्धेच.

मैत्रिणीचं पत्र आलं. तुझ्यासारखे तीक्ष्ण कान तिने उभ्या जन्मात पाहिले नाहीत म्हणे. हसता हसता मी खुर्चीवरून पडायची राहिले. मग मात्र हसू पळालं.

अरे, एकवीस वर्षं ती ही वही ठेवतेय. तापात फणफणलेली असतानाही तळ्यावर गेलीय, पण एक आकडा कधी अंदाजाने लिहिलेला नाही. त्या वहीत तू न ऐकलेले नऊ पक्षी सोडलेस. तो तज्ज्ञ इतक्या लांबून येणार, लव्हाळ्यात मायक्रोफोन लावून बसणार, आणि खोटी कोण ठरणार? ती.

मी तिला काही कळवणार नाही. तुझ्या तोंडाने सांग. लहानपणी खिडकीची काच फोडल्यावर माझ्यामागे लपायचास, तशी जागा आता नाही.

रागातही तुझीच,
ताई

२४ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र एक दात कमी असलेला माणूस लिहितोय.

गुरुवारी दवाखान्यात गेलो. कबुली द्यायला तोंड उघडलं, तर बाईंनी आधी खुर्चीत बसवलं आणि तोंड आणखी उघडायला लावलं. आत आरसा घालून त्या बराच वेळ काहीतरी विचारत होत्या. मास्कमुळे ओठही दिसेनात. सवयीने मी मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. सुई टोचली तेव्हा शंका आली, पण तोवर जीभ जड झाली होती. मागची दाढ निघाली ताई! किडलेली होती, हे खरं, पण मी कबुली द्यायला गेलो होतो, दाढ द्यायला नव्हे.

कापसाचा बोळा चावत मी त्यांच्याच चिठ्ठीवर लिहिलं, की मला ऐकू येत नाही, नऊच्या नऊ खोटे आहेत, माफ करा. त्यांनी चष्मा काढला. मग त्याच चिठ्ठीखाली त्यांनी लिहिलं, की रविवारी कान घालून या, आणि माझ्यादेखत मोजा.

गेलो. मशीन लावून बाहेर पडलो, तर रस्ताभर कुणीतरी मागून करकरत येत होतं. माझेच बूट! पोस्टमनला विचारलं, की हे आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, की तीन वर्षं तुमची बेल वाजवतोय, तुम्हाला सांगून ऐकू येणार होतं का? त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. मला वाईट वाटेल म्हणून बिचारा गप्प होता.

बूट काढून हातात घेतले आणि थंडगार चिखलात मोजे घालून चाललो. लव्हाळ्यापाशी तज्ज्ञांसकट सगळे दीड तास गप्प उभे. आणि ताई, आला! कात्रीने भरभर कागद कापावा तसा, चिडका, न थांबणारा. डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं. बाईंनी बोटं वर केली नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, एक.

एकच होता. बाईंनी नऊ खोडून एक लिहिला, आणि खोडल्याच्या खाली मी सही केली. तज्ज्ञांनी तो एकच टिपला, आणि आपला प्रवास फुकट गेला नाही म्हणाले.

ओल्या मोज्यांचा पण हलक्या मनाचा,
छोटू

२ मार्च

प्रिय जाडे,

तुझा भाऊ तू मला दिलास, परत घेणार आहेस का? आता त्याला सगळं ऐकू येतं आणि तो सगळ्यांना ते सांगतो. माझ्या ड्रिलचा सूर बिघडलाय म्हणाला. तपासून घेतलं, खरंच बिघडला होता. पाणकोंबड्यांच्या मोजणीवरून पोस्टमनशी रोज वाद घालतो आणि मग दोघं एका बाकावर चहा पितात.

ते नऊ पक्षी मी अजून पुरते माफ केलेले नाहीत. तसं त्याला सांगितलंय. तो म्हणाला, घाई नाही.

त्याच्या दाढेची जखम केव्हाच भरून आली. तरी दर गुरुवारी, शेवटचा पेशंट गेल्यावर, ती दाखवायला येतो. मी अजून त्याला बरा झालास असं सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी, पूर्वीइतकीच आगाऊ,
दातवाली