आमचा बँड वाजला

टोलेडो, ओहायो
१२ ऑक्टोबर १९९७

ती. ईश्वरमामांस,
संपतचा शि. सा. न. वि. वि.

कारखान्यातली नोकरी नीट आहे. शुक्रवारी एका बारमध्ये आमचा बँड वाजला. आम्ही चौघे. डेल गातो, दोघे गिटारवर, मी ड्रमवर. डेलच्या गॅरेजात सराव करतो. असल्या खडबडीत संगीताला इकडे गॅरेजच म्हणतात. बँडचं नाव ‘क्रुकेड मफलर्स’. पहिली कॅसेट कुणा कंपनीकडे न जाता आम्हीच काढली. जुन्या व्हॅनमधून गावोगाव विकतो. आईला वाचून दाखवा.

आपला, संपत

राहू, ता. दौंड
३ नोव्हेंबर १९९७

चि. संपत यास अ. उ. आ.

‘आमचा बँड वाजला’ ही ओळ ऐकली आणि आक्का रडायलाच लागली. पोराचं तिकडं वाटोळं झालं आन् तू दात काय काढतोस, म्हणून मलाच झापलं. समजावता समजावता चहा गार झाला. मफलरचं मात्र तिला बरं वाटलं. थंडीत कान झाकतोस म्हणे. तिकडे सायलेन्सरला मफलर म्हणतात, हे मी सांगितलं नाही.

स्वतःची कॅसेट स्वतः काढलीत, ऊर भरून आला. घाम ज्याचा, आवाजही त्याचाच असला पाहिजे, हे दौंडच्या कामगार सभेत ठणकावून आलो.

तुझा मामा, ईश्वर

टोलेडो
२० जून १९९८

ती. मामांस सा. न.

कॅसेट काढणाऱ्या मोठ्या कंपनीच्या माणसाचा मला फोन आला. बाकीचे तिघे हवेत, ड्रमर नको. माझा ठेका रेंगाळतो म्हणाला. तिघांना अजून बोललो नाही. दिवसा पेट्रोल पंपावर, गोदामात राबून ते वाजवतात. मला निदान बरी नोकरी आहे. आई आजारी आहे, गावी जातो, असं सांगून बाजूला होईन म्हणतो. म्हणजे त्यांचं जुळेल. आईला कळवू नका.

संपत

राहू
९ जुलै १९९८

चि. संपत,

तुझी आई ठणठणीत आहे. तिला खोट्या दुखण्यात पाडू नकोस.

तुला हा त्याग वाटतो. मी याला हुकूमशाही म्हणतो. तिघांच्या आयुष्याचा निकाल तू एकट्याने लावणार आणि त्यांना पत्ताही नाही! मालक लोक माणसांना असंच एकेकटं गाठतात. तू त्यांचंच काम सोपं करतोयस. त्या तिघांनी तुला काढलं तर काढू दे. रडत घरी ये, आक्का भाकरी वाढेल. पण त्यांना तोंड उघडू दे.

आक्काला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “त्या पोरास्नी आदी इचार म्हणावं.”

ईश्वर

टोलेडो
२ ऑगस्ट १९९८

ती. मामांस व आईस शि. सा. न.

सांगितलं. डेल माइक लावत होता. म्हणाला, एवढंच ना, मला वाटलं लग्न ठरवून गावी निघालास. मग त्याने कंपनीला फोन करून नाही म्हटलं. गिटारवाल्यांतला एक बाहेर जाऊन बराच वेळ रस्त्यावर उभा राहिला. त्याला ते हवं होतं, आणि त्याने ते लपवलं नाही. मीही त्याला हाक मारली नाही.

मग तो आपणहून आत आला, गिटार गळ्यात अडकवली. आमच्या गाण्याची सुरुवात ड्रमपासून होते. तिघेही माझ्याकडे बघत थांबले होते.

असेच रागावत राहा. त्यातली माया इथवर पोचते.

आपला, संपत