रिचमंडला गेलेला अर्ज

१४ ऑगस्ट १७८५, रविवार

प्रार्थना संपली आणि भांडण सुरू झालं! मायकाजाभाऊ, आमच्या मंडळीचे कारभारी, उठले आणि गळक्या छपराकडे बोट दाखवून उभे राहिले. म्हणाले, सरकार सगळ्यांकडून धर्मपट्टी, म्हणजे धर्मासाठीचा कर घेणार, ज्याने त्याने आपल्या उपदेशकाचं नाव सांगायचं, पैसे त्याला मिळणार. आपल्या बाप्टिस्टांनाही. मग नाही कशाला म्हणायचं?

एल्काना, माझा नवरा आणि मंडळीचा उपदेशक, नाही म्हणाला. पट्टी नको, असा रिचमंडच्या विधानसभेला करायचा अर्जही त्याने खिशातून काढून वाचला. चौघांनी सह्या केल्या. बाकीचे छपराकडे बघत बसले.

घरी येताना मी त्याच्या दहा पावलं पुढे चालले.

१६ ऑगस्ट

इथे खरं लिहायला हरकत नाही – मला ती पट्टी हवी आहे. एल्काना आठवडाभर तंबाखूची पिंपं बनवतो, रविवारी घसा फुटेस्तोवर उपदेश करतो. दोन पैसे मिळाले तर बिघडलं कुठे? राजाला घालवलं, आता नवं राष्ट्र उभं करायचंय. रिचमंडचे मोठे लोक म्हणतात, पायाशी ख्रिस्ताचा धर्म नसला तर ते टिकायचं नाही. मीही तेच मानते.

त्याला तसं म्हटलं. पिंपावर कडं चढवत होता. हात न थांबवता म्हणाला, "पायाशी हवाच, किझाया. पण शेरीफने वसूल करून आणलेला नको."

२१ ऑगस्ट

झोपडीएवढा तुरुंग होता तो. परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून एल्कानाला पाच महिने डांबलं, त्याला आता अकरा वर्षं होतील. हुकमावर सही माझ्या बाबांची. तेव्हाही न्यायाधीश तेच होते, आणि सरकारी चर्चचे विश्वस्तही. हा गजांतून उपदेश करायचा आणि लोक खिडकीखाली चिखलात उभे राहून ऐकायचे. त्या चिखलात मीही होते. बाबांना कळलं तेव्हा ते मला शब्दानेही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मी लग्न केलं. तेव्हापासून तर माझ्याशी बोलणंच सोडलं.

तिथून त्याने छातीत खोकला आणला. तो अजून गेलेला नाही.

२८ ऑगस्ट

एकसष्ट सह्या. मायकाजाभाऊंची नाही.

५ सप्टेंबर, सोमवार

कोर्टाचा दिवस. बाहेर ओकच्या झाडाखाली पालथ्या पिंपावर अर्ज ठेवून एल्काना उभा, मी शेजारी. बारा वाजता बाबा बाहेर आले. लोक बाजूला झाले. बाबांनी चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. मला वाटलं, आता फाडणार.

"हा देश प्रार्थना करणाऱ्यांनी उभा केला," बाबा म्हणाले. "आणि तुम्ही म्हणता, सरकारने धर्माला हातही लावू नये?"

"आम्हीही प्रार्थना करणारेच, साहेब. म्हणूनच म्हणतो."

"तुला आत टाकलं ते धर्म सांभाळायला. वैर नव्हतं माझं."

"ठाऊक आहे. तुम्ही वाईट माणूस नव्हता. कायद्याने तुमच्या हातात किल्ली दिली होती." एल्काना खोकला, थांबला. "उद्या ती माझ्या हातात आली तर मी कोणाला डांबेन, मला सांगता येत नाही. म्हणून ती कोणाच्याच हातात नको."

बाबांनी अर्ज पिंपावर ठेवला. सही केली नाही. जाताना माझ्यापाशी थबकले. "तब्येत बरी आहे ना?" एवढंच. दहा वर्षांतले पहिले शब्द! मी नुसती मान हलवली. मूर्ख मी.

तेवढ्यात मायकाजाभाऊ गर्दीतून आले आणि सही करून गेले. छपराबद्दल चकार शब्द नाही.

आणि माझं? मला आता पट्टी नको. नवऱ्याच्या हातात किल्ली – ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

१८ सप्टेंबर

प्रार्थनेनंतर फिबी थांबली. बाबांची गुलाम, मंडळीत माझ्याआधीपासून. म्हणाली, सही येत नाही, पण मीही फुली मारते. एल्कानाने कागद पुढे केला. मायकाजाभाऊ म्हणाले, गुलामाची फुली रिचमंडला धरत नाहीत, उलट अख्खा अर्जच बाजूला टाकतील. एल्काना गप्प राहिला. तिथे तो गप्प राहिला! फिबीने टाक खाली ठेवला.

२४ ऑक्टोबर

अर्ज घेऊन एल्काना स्वतःच निघाला. एकशे बारा सह्या. पाऊस, आणि हा खोकला.

३ नोव्हेंबर

अकरावा दिवस. लोक सांगतात, वाटेत कुठे एका उपदेशकाला चाबकाने मारलं. कोणाला, ते कोणी सांगत नाही.

६ नोव्हेंबर

आला! भिजलेला, उपाशी, पण धड. घोडं लंगडलं म्हणून उशीर. अर्ज पोचला. तिथे म्हणे अर्जांची चवड लागली आहे, बहुतेक सगळे नको म्हणणारे. मक्याची भाकरी आणि डुकराचं मांस पोटभर खाल्लं आणि ताटावरच झोपला. मी शेजारी बसून त्याचा श्वास मोजत राहिले. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला!

१९ डिसेंबर

पट्टी मेली. मतालाही आली नाही म्हणे, नुसतीच बाजूला पडली. मायकाजाभाऊंनी येऊन सांगितलं, आणि स्वतःच हसले. छपरासाठी फळ्या त्यांनी आपल्याच रानातून कापायला घेतल्यात.

२७ जानेवारी १७८६

त्याहून मोठी बातमी. कायदाच झाला – देवाच्या बाबतीत कोणाही माणसावर सक्ती नाही. चर्चला जायची नाही, पैसे द्यायची नाही. आता कोणी कधी एल्कानाला न्यायला येणार नाही. पिठाच्या हातांनी मी खुर्चीत बसून राहिले, रडले, पुन्हा कणीक मळली.

दुपारी फिबीला कायद्याचा कागद वाचून दाखवला. तिने 'कोणाही माणसावर' हे शब्द मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "बरं झालं, बाई. तुमचं तरी झालं." मी कागदाची घडी घालत राहिले.

५ फेब्रुवारी, रविवार

उपदेश अर्ध्यावर आला असताना दार उघडलं. बाबा. घोडा नाही, चाकर नाही, बूट चिखलाने भरलेले. मागच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर. कोणी बोलावलं नव्हतं. शेवटपर्यंत बसले.