पाच वर्षांच्या अटीवरची खोली

मी विठाबाई, मयत पुंजाराम गांगुर्डे यांची पत्नी, वय अंदाजे अठ्ठावन्न, पूर्वी बिडीकाम, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहून घेत आहे. मला कोणाचा धाक नाही. माझी बुद्धी गोंधळलेली आहे, पण शाबूत आहे. लिहिणारे गोरक्षभाऊ निवृत्त कारकून आहेत. 'गोंधळलेली' हा शब्द कोर्टात अडेल असे ते म्हणाले. मी म्हटले, खरे आहे ते लिहा.

कलम १. राहती खोली व मागची पडवी माझ्या नावावर आहे. मला दोन मुले. थोरला चंदर, आणि घोटीला दिलेली लता. लता म्हणते चंदरला दे, चंदर म्हणतो लताला दे. मुले भांडणारी असती तर निकाल सोपा होता.

कलम २. चंदर अंबडला कारखान्यात टर्नर होता. त्र्याऐंशी साली गर्दच्या नादी लागला. नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती आलीच नाही. सरकारी दवाखान्यात सव्वा महिना काढून आला. गेल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेपासून त्याने गर्दला हात लावलेला नाही. हल्ली वेल्डिंगच्या दुकानात जातो. म्हणून खोली चंदरला, पण अटीवर. त्या पौर्णिमेपासून सलग पाच वर्षे तो गर्दपासून लांब राहिला पाहिजे. मध्ये घसरला तर खोली लताची, आणि त्याला पडवीत राहू द्यायचे की नाही हे लताने ठरवावे. ही अट बरोबर की चूक, मला कळत नाही.

कलम ३. पाने कापायची कात्री व सूप शेजारच्या साळूबाईला. तांब्याचा हंडा दीर भिकन यांच्याकडे आहे. चंदरने तो चोरून नेऊन त्यांना विकला. हंडा कोणाचा हे त्यांना ठाऊक होते, त्या हंड्याचे पाणी ते वीस वर्षे आमच्या घरी प्यायले होते. तो त्यांनी लताच्या घरी नेऊन ठेवावा. दवाखान्यात ते एकदाही फिरकले नाहीत, पण चंदरला गर्दुल्ला म्हणायला लग्नकार्यात सगळ्यांच्या पुढे. मी त्यांना माफ केलेले नाही. पुढे केले तर कळवीन.

कलम ४. हे कोणाला सांगितलेले नाही. बिडीच्या कारखान्यात रोज हजार बिड्या वळून द्याव्या लागत. मूल रडले की हात थांबे. म्हणून आम्ही सगळ्या बाया सकाळी मुलाला बाळगोळी द्यायचो. अफूची, राईएवढी, अंगावरच्या दुधात उगाळून. मूल दुपारपर्यंत निपचित पडे. चंदरला मी दोन वर्षे दिली. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले, याला ही चटक मी लावली का? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, मनाला लावून घेऊ नका. लावून घेतले आहे. त्याला मी चोर म्हटले, दाराबाहेर काढले, आणि पहिली पुडी माझ्याच हातची होती असे मला सारखे वाटते. मग मी कोणत्या तोंडाने अट घालते?

इथवर लिहून झाले तोच चंदर कामावरून आला. हे त्याने माझ्या मागे वाचावे असे ठरवले होते, पण मला राहवेना. गोरक्षभाऊंना कलम चार मोठ्याने वाचायला लावले. चंदरने उभ्यानेच ऐकले. मग खाली बसून पायातले बूट काढत म्हणाला, "आई, गोळी तू दिली, गर्द मी घेतलं. लतीलाबी तीच गोळी दिली ना? ती तर चहासुद्धा पीत नाही."

हे खरे आहे. लताला तीच गोळी, त्याच दुकानातली. मग हाच का आणि ती का नाही? मी आणखी गोंधळले. मला रडू आले. गोरक्षभाऊंना म्हटले, अट खोडा.

चंदर म्हणाला, "खोडू नको. अट आहे तर मला बरं पडतं. पण बघायला तूच पाहिजे. लतीला मी कायपण पटवतो."

कलम ५, आणि शेवटचे. अट कायम. चंदरची पाच वर्षे पुरी झाली की नाही हे दुसऱ्या कोणी सांगायचे नाही. एक्क्याण्णवच्या बुद्धपौर्णिमेला मी स्वतः याच कागदावर लिहून देईन आणि खाली सही करीन. त्याआधी हे मृत्युपत्र कोणी अमलात आणू नये. गोरक्षभाऊ विचारतात, वहिनी, त्याआधी तुमचे काही झाले तर? मी म्हटले, ते मला माहीत नाही. तुम्ही लिहा.

सही : विठाबाई पुंजाराम गांगुर्डे
(प्रौढ वर्गात शिकलेली, स्वहस्ते)

लिहिणार : गोरक्ष केदारे
साक्षीदार : १. केरू पगारे, शेजारी
२. तानुबाई साळवे, यांचा डावा अंगठा

ठिकाण : जेल रोड, नाशिक रोड
तारीख : १४ नोव्हेंबर १९८७