भज्याच्या कागदातली तानाबाई

३ जून
हिंगणी सोडून सेलूले आली. सरकारी ऑफिसात झाडूपोछ्याचं काम लागलं. मागच्याच गल्लीत प्रमिलाबाईच्या घरची खोली भेटली, नळ दाराशी. खुश हाय मी. पोरगी मयुरी नागपूरले नर्सिंग शिकते. तिनंच ही वही देल्ली. म्हणे आई, चौथीपर्यंत शिकली ते विसरू नको, रोज लिहत जाय. लिहून राह्यली.

४ जून
ऑफिसची मागची खोली साफ केली. छतापर्यंत लोकायचे अर्ज. फोटो, आधारची झेरॉक्स, फोन नंबर, अंगठे, सारं. बाबू मधुकररावले विचारलं, लोकायचं हाय हे, फेकता काऊन? तो म्हणे सारं कॉम्प्युटरात चढलं, कागदाचं काम संपलं, ताराचंद भजेवाल्याले नेऊन द्या. जाळून टाकाचं सोडून! पण नोकरी नवी. चार पोती डोक्यावर मीच नेली.

७ जून
ताराचंदकडून भजे आणले. कागद उलगडला तं त्यात मीच! नवरा गेल्यावर पेन्शनचा अर्ज केलता, तोच. अंगठा, मयुरीचा नंबर, सारं. तेलानं अर्धं तोंड आरपार झालेलं. मधुकररावच्या टेबलावर आपटला तो कागद. तो दात काढून म्हणे, काय तानाबाई, हिरोइन झाल्या, साऱ्या सेलूत फोटो. लाज नाई मेल्याले.

११ जून
राशनच्या मशीनवर अंगठा उठला नाई. पंचवीस सालं कापूस वेचला, बोटं घासली, पण आजवर कसाबसा उठे. दुकानदार रुपेश म्हणे, काकू, सकाळीच तं नेलं तुम्ही, पहिल्याच खेपेत उठला. म्या म्हटलं, डोळे फुटले काय रे तुझे? तो म्हणे तुम्हीच होत्या. गालाले तेवढं तेल लागलं होतं.

१२ जून
हजेरीच्या मशीनवर तानाबाई माझ्याआधीच येऊन गेलेली. मधुकररावनं कॉम्प्युटरात पाह्यलं. फोटो माझाच, अर्धं तोंड तेलकट. म्हणे मशीन खोटं बोलत नाई, तुम्ही तानाबाई असाल तं पुरावा आणा. पुरावा तं तूच भजेवाल्याले देल्ला, हरामखोरा! शिपायाकरवी बाहेर काढलं मले.

१४ जून
मयुरीले सावध कराले फोन केला. ती म्हणे, बाई, तुम्ही कोण? आईनं नंबर बदलला, जुन्यावरून कोणी बोललं तं ऐकू नको म्हणून सांगितलं तिनं. आईनं बोलावलं, सेलूच्या बसमध्ये हाय मी —
ठेवला तिनं. आता उचलत नाई.

सायंकाळ
खोलीले आतून कडी. प्रमिलाबाई म्हणते, आतली बाई तुमच्यासारखीच दिसते, पण तिच्याजवळ कार्ड हाय, तुमच्याजवळ काय हाय?
तळणाचा वास. आत मयुरी हसून राह्यली. माझ्याच आवाजात कोणी म्हणते, खाय माय, गरम हाय —
दार बडवलं. मयुरी भिऊन म्हणे, जा बाई. अन् तो माझा आवाज म्हणे, तानाबाई म्हणवतेस तं अंगठा दाव. दाराखालून सरकव.
पेनाची शाई अंगठ्याले फासली. याच पानावर लावते. पाह्य मयुरी, हा तुह्या मायचा —

नुसता निळा गोल. एक रेघ नाई.

परत ला—