पिशवीखालचं पत्र

कोल्हार,
दि. १९ जानेवारी १९९९

ती. आक्कांस,
भारतीचा सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुमचा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला का?

दोन महिन्यांनी तुमचं पत्र आलं, आणि आलं ते हे. "माझ्या भावाला कोंडून ठेवलंयस, माणसात येऊ देत नाहीस." दोनदा वाचलं.

आक्का, तुमच्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. पोटात नळी बसवली आहे. दिवसातून चार वेळा आतलं घाण पाणी काढायचं आणि नव्या पिशवीतलं औषधाचं पाणी पोटात सोडायचं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा. दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला फडकं, कोपरापर्यंत साबण. जरा चुकलं की जंतू थेट पोटात. हे दारात उभं राहून मी किती जणांना सांगू?

लोक येतात ते नेमके पिशवीच्या टायमाला. खाटेवर बसतात, यांच्या देखत म्हणतात, "लई वाळला हाय सूर्यभान." मग चहा. चहा पिऊन बाहेर पडले की पारावर माझाच विषय, बाई लई शिकलेली, नवऱ्याला भेटू देत न्हाई. अंगणवाडीची बाई आहे मी, कलेक्टर नाही. कधी कधी वाटतं, उठावं आणि अकोल्याला माहेरी जाऊन चार दिवस नुसतं झोपावं.

आणि तुमचे भाऊ! मीठ बंद, तर हे लोणच्याच्या बरणीपाशी सापडतात. बोललं की रुसतात. परवा म्हणाले, "तू बायको हायेस का कंपाउंडर?" मी म्हटलं, कंपाउंडरला रविवारी सुट्टी असते.

नोव्हेंबरात नगरला सोळा दिवस दवाखान्यात काढले ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, पुन्हा जंतू झाले तर नळी काढावी लागेल, मग आठवड्यातून दोनदा पुण्याला मशीनवर. तो प्रवास यांना झेपणार नाही, हे कुणी बोललं नाही, पण कळलं. त्याच दिवशी तुम्ही डबा घेऊन आलात आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हणाले, तुम्ही घरी येऊन पिशवीला हात लावलात म्हणून हे झालं. तुम्ही डबा ठेवलात आणि मिरजगावची गाडी पकडलीत.

आता पुढचं लिहिते. मघापासून चुलीवर काही नसताना दोनदा उठून आले.

तुम्ही पिशवीला हात लावलाच नव्हता. हात धुऊन, तोंडाला पदर बांधून कोपऱ्यात उभ्या होतात. तुम्ही आमच्या घरून गेलात त्याच संध्याकाळी चुलत सासरे, रंगनाथ तात्या आले, बरोबर चौघं. पाचची पिशवी होती. हात धुण्याआधी मी कडी लावायला गेले, तर तात्या म्हणाले, "सूनबाई, आमचा इटाळ हुतो का तुला?"

आक्का, हा शब्द आपल्या घरात कसा लागतो ते तुम्हाला सांगायला नको. आजवर आपण तो दुसऱ्यांच्या दारात ऐकला. माझा हात कडीवरून खाली आला. मी सगळ्यांना आत घेतलं. हात धुऊन बसले, तर तात्यांनी पेरूंची पिशवी पुढं केली. नाही कसं म्हणायचं? धुतल्या हातानं घेतली, बाजूला ठेवली आणि तशीच नळी जोडायला लागले. जोडता जोडता लक्षात आलं. पण परत उठून हात धुतले तर म्हणतील, बघा, आमचे पेरू घेतले तर हात धुते. मला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ आलं.

यांनी सगळं पाहिलं होतं. डॉक्टरांना म्हणाले, "मीच खाजवताना नळीला हात लावला." बोलणी यांनी खाल्ली. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "आक्काच्या नावावर घातलंस ते काढ." दोन महिने मी काढलं नाही. तेव्हापासून नळी जोडताना हात थरथरतो, हेही कुणाला सांगितलं नाही.

बाहेर आलेलं पाणी चांगलं आहे का ते बघायला पिशवीखाली छापील कागद ठेवतो, अक्षर वाचता आलं पाहिजे. आज पेपर आला नव्हता म्हणून तुमचं पत्र ठेवलं. "कोंडून ठेवलंयस" नीट वाचता आलं. यांनीही वाचलं. म्हणाले, "बोलीव तिला."

चार पिशव्यांच्या मधे मला मिरजगावला येऊन पाया पडता येत नाही. तुम्ही या. आठ दिवस राहा, शिकून घ्या, माझ्यापेक्षा तुमचा हात स्थिर आहे. पाचची पिशवी तुम्ही लावा. दारात कुणी आलं तर बाहेर मी उभी राहीन, काय म्हणायचं ते मला म्हणू देत. आतून कडी तुम्ही घाला.

तुमच्यावर खोटं घातलेली,
भारती