मनानेच बंद केलेली पावडर

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. शिवणाच्या गिऱ्हाइकांनी डोकं उठवलंय एवढंच. तुझी भाची मात्र सुट्टीत तुझ्याकडे राहायला येणार नाही म्हणते. कारण तुला म्हणून सांगते. पोट साफ होत नाही म्हणून डॉक्टरांनी पाण्यात विरघळवून द्यायची पावडर दिली होती. जरा बरं वाटतंय तोच रोज चड्डीला डाग! मला वाटलं, औषध जास्त झालं. पावडर बंद केली, तरी डाग आहेतच. काल मी भडकले, एवढी घोडी झालीस तरी कळत नाही का म्हणाले. ती कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली, जेवायलाही आली नाही.

आहे तो लोभ उसवू देऊ नकोस.

तुझी धाकटी

९ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब, तुम्ही डॉक्टर कधी झालात? अर्धा शिवलेला झगा गिऱ्हाईक ओढून न्यायला लागलं तर तू घर डोक्यावर घेतेस, आणि औषध मात्र मनानेच बंद! आधी पोरीला दाखवून आण. आणि तिला रागावू नकोस गं. टेबलाखालचं वाचून माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

माझी माया आहेच. उत्तर तेवढं लगेच धाड.

तुझी ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि माझीच हजेरी घेतली. आत घट्ट खडा अडकलाय, त्याच्या कडेने पातळ झिरपतं, आणि आतडं ताणल्यामुळे पोरीला ते कळतच नाही, म्हणाल्या. म्हणजे मी बंद केली तीच पावडर हवी होती! आधी काही दिवस जास्त, मग त्या सांगतील तशी कमी. पण पोट सुरळीत झालं तरी कित्येक महिने चालू ठेवायची. सवय लागेल ही भीती डोक्यातून काढा, म्हणाल्या. सुरुवातीला आमच्या संडासाला उसंत नव्हती, ह्यांना शेजाऱ्यांकडे पळावं लागलं!

तुझी काही चूक नव्हती, असं मी तिला जवळ घेऊन सांगितलं. खरंच ना, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मला रडूच फुटलं, ताई.

आम्हा दोघींवर माया असू दे.

तुझी धाकटी

२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पावडर अजून चालू आहे. तिला चव काहीच नाही, पण मी तोंड वाकडं करते, म्हणजे आई लाड करते. डागबिग आता नाहीत. मी संडासात गोष्टीचं पुस्तक नेऊन मुक्काम ठोकते, असं बाबा म्हणतात. सुट्टी लागली की मी येणार. आई सोडायला येईल, पण तिला शिवण आहे म्हणून लगेच परत जाईल. मी एकटी राहीन.

माझ्यासाठी जुनी चादर शोधू नकोस. चांगली घातलीस तरी चालेल.

तुझी लाडकी भाची